पाचव्या कार्डावरचं नाव

१२ मे

आज माझ्याकडे चौऱ्याहत्तर वर्षांचा विद्यार्थी आला. सोबत घरच्या वाइनचा एक बुधला, टोपलीभर चेरी आणि सून.

सून म्हणजे नूनू. माझीच जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना माझ्या विषयात तिने जे दिवे लावले होते, त्यांचा उजेड मला अजून आठवतो.

"बाई, आमच्या सासऱ्यांना इंग्रजी शिकायचंय. तुम्हीच जरा समजवा यांना."

"काय समजवू?"

"की नाही जमायचं."

सासरे, उशांगीकाका, टोपी मांडीवर ठेवून शांत बसले होते. आपल्याविषयी नव्हे, एखाद्या बैलाविषयी बोलणं चाललंय असा चेहरा.

प्रकरण असं आहे. नूनूची मुलगी तेकले ऑक्टोबरमध्ये लग्न करते आहे. मुलगा फर्गस, स्कॉटलंडचा. लग्न इथेच जॉर्जियात, गुरजानीजवळच्या त्यांच्या गावात, घरच्या अंगणात. तिकडून चाळीस माणसं येणार. आता मेज मांडलं की तमादा लागतोच. तमादा म्हणजे मेजाचा धनी. तो बोलल्याशिवाय कुणाचा पेला ओठाला लागत नाही, आणि तो फार बोलला तर मटण गार होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयताच्या जेवणात गेली चाळीस वर्षं हे काम उशांगीकाकांनी केलंय. पण नूनूने तिबिलिसीहून इराकली नावाचा एक धंदेवाईक तमादा हेरून ठेवला आहे. निळा सूट, कॉलरला माइक, फाडफाड इंग्रजी.

"पाहुण्यांना काही कळायला नको का, बाई? का नुसतं बघत बसायचं त्यांनी यांच्या मिशांकडे?"

शेवटी तडजोड झाली. अठ्ठावीस ऑगस्टला, मरियमच्या सणाला, फर्गसच्या आईवडलांशी व्हिडिओ कॉल आहे. तेव्हा काकांनी इंग्रजीत पेला उचलायचा. त्यांना कळलं तर मेज काकांचं. नाही कळलं तर इराकलीचं, आणि काकांनी नातीच्या लग्नात पाहुण्यासारखं बसायचं.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला विचारू नये. वाइन चांगली होती.

१५ मे

पहिला धडा. हे पुस्तक आहे, ती खिडकी आहे, असलं काही त्यांना नको होतं. दोन दिवस तेकलेच्या जुन्या शब्दकोशाशी झटापट करून त्यांनी एक वाक्य बनवून आणलं होतं. उभे राहिले. पेला धरावा तसा रिकामा हात वर केला. आणि आमच्या चर्चच्या घंटेला लाजवेल अशा आवाजात म्हणाले, "वी ड्रिंक अवर पेरेंट्स."

मी म्हटलं, "म्हणजे, आपण आपल्या आईवडलांना पिऊन टाकतो."

"असं होतं?"

"असंच होतं."

"मग पुढचं वाचायलाच नको," म्हणत त्यांनी चिठ्ठी खिशात कोंबली. मी ती काढून घेतली. पुढच्या वाक्यात पाहुण्यांना प्यायलो होतो.

मी समजावलं. ड्रिंक सकर्मक आहे. त्याच्यासमोर जे ठेवाल ते ते पिणार. पाणी ठेवा, वाइन ठेवा, आई ठेवा. ज्याच्या नावाने प्यायचं त्याला वाचवायचं असेल तर मध्ये 'टू' उभा करावा लागतो.

"म्हणजे पहारेकरी," काका म्हणाले.

सत्तावीस वर्षं मी हा विषय शिकवते. शब्दयोगी अव्ययाची इतकी सरळ व्याख्या मला सुचली नाही, आणि शिक्षण खात्याच्या निरीक्षकांना सुचण्याचा तर प्रश्नच नाही. अर्थात मी हे काकांना सांगितलं नाही. विद्यार्थी डोक्यावर बसतात.

२ जून

आपल्या भाषेत ही अव्ययं नामाच्या शेपटाला गपचूप चिकटून येतात. इंग्रजीत ती सुटी हिंडतात, आणि कुठल्या क्रियापदाला कोण हवं याला काही धरबंध नाही. 'लिसन'ला टू लागतो. 'वेट'ला फॉर लागतो. 'डिस्कस'ला कुणीच लागत नाही. काका हे सगळं द्राक्षांची रोपं ओळखावी तसं पाठ करतात: ह्याला आधार हवा, ह्याला नको.

आज लग्नाचं वाक्य घेतलं. ते म्हणाले, "तेकले मॅरीज विथ फर्गस."

"विथ काढा. मॅरी सकर्मक आहे. थेट. मध्ये काही नको."

काका दुखावले. "मध्ये काही नको? बाई, मी केतोला पहिल्यांदा बघितलं तिथपासून लग्नापर्यंत मध्ये तिचे तीन भाऊ, एक आत्या आणि एक कुत्रा होता. आणि हे इंग्रज म्हणतात मध्ये काही नको!"

"स्कॉटिश म्हणायचं. तेकलेने बजावलंय."

"कुत्रा मोठा होता," काका म्हणाले.

केतो म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी गेली. ते तिच्याविषयी असं बोलतात की जणू ती बाजारात गेली आहे आणि येताना मीठ आणणार आहे. मला हे जरा अवघड जातं.

१७ जून

कार्डं लिहायला घेतली. एकेका पेल्याचं एक कार्ड. पहिलं शांततेचं, दुसरं दोन्ही देशांचं, तिसरं नवरानवरीचं, चौथं आईवडलांचं, पाचवं गेलेल्यांचं, सहावं पोराबाळांचं, मग पाहुणे वगैरे. मी म्हटलं, पाचवं जरा शेवटी ढकलूया, लग्न आहे. काकांनी मान हलवली. पाचव्यानंतर लगेच सहावं, यात बदल नाही. "गेलेल्यांवर पेला खाली ठेवायचा नसतो, बाई. नाहीतर माणसं तिथेच बसून राहतात."

कार्डावरून ते वाचणार नाहीत, कागद हातात घेतलेला तमादा म्हणजे काठी घेतलेला नाचणारा. पाठ करणार. त्यासाठी दोन्हीकडच्या गेलेल्यांची नावं हवीत म्हणून तेकलेला फोन लावला. ती तिबिलिसीत नोकरी करते.

"फर्गसचा धाकटा भाऊ होता, आजोबा. यूअन. एकोणीस वर्षांचा. समुद्रात गेला. पण त्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही हं. फर्गसनेसुद्धा मला एकदाच सांगितलं."

"कुणीच बोलत नाही?"

"कुणीच नाही. सात वर्षं झाली."

काकांनी फोन खाली ठेवला आणि पाचवं कार्ड माझ्यासमोर सरकवलं. मग मला म्हणाले, "लिहा, बाई. केतोनंतर त्याचंच लिहा."

लिहिलं. नावाआधीचा 'टू' लाल शाईने अधोरेखित केला, कारण नेमके तिथेच ते अडखळतात.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचं कोण?"

"काका, ते अभ्यासक्रमात नाही."

८ जुलै

आज 'डाय' घेतलं. अकर्मक. त्याला कर्म नसतं.

"मरणाचं काम कुणावर होत नाही?" काका.

"व्याकरणात नाही होत."

"आणि मागे राहतात त्यांचं?"

मी फळ्यावर लिहिलं: क्राय फॉर, वेट फॉर, लाँग फॉर. सगळी अकर्मक, सगळ्यांना 'फॉर' लागतो. 'मिस' आणि 'रिमेंबर' मात्र सकर्मक, थेट माणसाला जाऊन भिडतात. काकांनी वहीत दोन रकाने पाडले आणि फार मन लावून उतरवून घेतलं. इतक्या शांतपणे व्याकरण शिकणारा वर्ग मला आजवर मिळाला नव्हता.

२० जुलै

आज काका आले नाहीत, वेलींवर फवारणी होती. बरंच झालं. मला कपाटं आवरायची होती.

कपाटं आवरली नाहीत. नकाशांची भेंडोळी होती तिथेच आहेत.

११ ऑगस्ट

आता थोडं खरं लिहिते. मला भीती वाटते आहे. मी गुरजानीत बसून सोव्हिएत पाठ्यपुस्तकातून इंग्रजी शिकले आणि नोकरीच्या पहिल्या बारा वर्षांत एकाही इंग्रज माणसाला भेटले नाही. अव्ययं मला सगळी येतात. पण ती तिकडची माणसं जेवताना खरंच वापरतात की नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? काका माझ्यावर विसंबलेत. काल म्हणाले, "बाई, मी गाव सोडून कुठे गेलो नाही. पोरगी माझ्या मेजावरून उठून जाणार ती विमानात बसणार. निदान कुठल्या घरातून जातेय एवढं तरी तिच्या सासूला माझ्या तोंडून कळू दे. ते काम मी सुटातल्या माणसाला देऊ?"

मी त्यांना 'अराइव्ह'ची उजळणी दिली. दुसरं काय देणार?

२८ ऑगस्ट

सविस्तर लिहायला हवं.

द्राक्षमांडवाखाली मेज. नूनूने लॅपटॉप पावाच्या टोपलीला टेकवून ठेवलेला. काका काळ्या कोटात. तेकले आलेली. पडद्यावर फर्गसची आई इशबेल, बारीक, करड्या केसांची, आणि बाप मर्डो, कपाटाएवढा. आधी मर्डो बोलला. मला एक शब्द कळला नाही. अक्षरशः एक नाही. त्याच्या तोंडून निघत होतं ते इंग्रजी असेल, तर सत्तावीस वर्षं मी शिकवत होते ते काय?

नूनूने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

"त्यांना आनंद झालाय," मी म्हटलं.

"पाऊस फार झालाय म्हणतोय. बटाटे कुजले," काका हळूच म्हणाले. तेकलेने मान डोलावली. तेच बरोबर होतं.

मग काका उठले. पहिलं कार्ड निर्विघ्न. दुसऱ्याला मर्डोने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याला 'मॅरीज फर्गस', मध्ये काही नाही. माझा ऊर भरून आला. चौथ्याला इशबेल हसली. नूनूसुद्धा खुर्चीच्या टोकावरून जरा मागे सरकून नीट बसली. मी तिच्याकडे असं बघितलं की काय सांगू.

पाचवं. काकांनी पाठ ताठ केली. "वी ड्रिंक टू केतो, माय वाइफ." थांबले. "वी ड्रिंक टू यूअन, युअर सन."

टू! दोन्ही ठिकाणी! मी मेजाखाली मूठ आवळली. वर बघते तर इशबेलचा चेहरा पांढरा पडलेला. ती उठली आणि चौकटीतून बाहेर गेली. मर्डो त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला, मग काहीतरी पुटपुटला, त्याचा हात पुढे आला आणि पडदा काळा झाला.

तेकलेने तोंडावर हात ठेवला. नूनू म्हणाली, "झालं. झालं समाधान?"

काका अजून उभेच होते, पेला वर. "सहावं राहिलं," ते म्हणाले. "पोराबाळांचं राहिलं."

आणि त्यांनी त्या काळ्या पडद्यासमोर सहावं कार्ड सबंध म्हटलं, इंग्रजीत, एकही चूक न करता. मग बसले आणि टोपी घातली.

२९ ऑगस्ट

नूनू सकाळीच आली. बसलीसुद्धा नाही.

"बाई, तुम्ही त्यांना काय म्हणायला लावलंत?"

"ड्रिंक टू."

"त्यात काही वाईटसाईट असतं का?"

"बघते."

"बघा, बघा. मी इराकलीला कळवून आले. तेकले फर्गसशी बोलली. तो म्हणतो, आई खोलीतून बाहेर येत नाहीये. विहीण लग्नाआधी तोंड फिरवून बसली, बाई! सगळ्या गावातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची सवय यांना. जगाला कशाला लावतात?"

ती गेल्यावर मी तीन शब्दकोश काढले. सापडलं. गेलेल्या माणसासाठी नुसतं 'टू' नाही, 'टू द मेमरी ऑफ' म्हणणं अधिक आदराचं. नुसता 'टू' जिवंतांना. म्हणजे चूक माझी. मी त्या म्हाताऱ्याला असं बोलायला शिकवलं, की जणू तो मुलगा तिथे मेजावर पेला घेऊन बसला आहे. कुठल्या आईला राग येणार नाही?

१ सप्टेंबर

इशबेलबाईंना माफीचं पत्र लिहिलं. दीड पान. सकर्मक आणि अकर्मक 'ड्रिंक'मधला फरक, आमच्या भाषेची रचना, 'टू' आणि 'टू द मेमरी ऑफ' यांतला भेद, चार उदाहरणांसह. दोष सर्वस्वी शिक्षिकेचा, विद्यार्थ्याचा नाही, हे वेगळ्या परिच्छेदात. तेकलेकडे पाठवलं. तिचा लगेच फोन.

"बाई, हे खरंच त्यांना पाठवू?"

"हो."

"सगळं? अव्ययांसकट?"

"अगं, त्याबद्दलच तर आहे."

१८ सप्टेंबर

तीन आठवडे काकांचा पत्ता नाही. द्राक्षतोड सुरू आहे, हे खरं. पण दर वर्षी असते. त्यांची वही माझ्याकडे राहिली होती, ती द्यायचं निमित्त करून गावी गेले. त्यांनी वही घेतली, न उघडता फांदीवर ठेवली आणि माझ्या हातात कात्री दिली. म्हणजे काम करा.

एक ओळ मुकाट्याने झाली. माझ्या गुडघ्यांनी शाळेच्या पायऱ्यांपलीकडे काही पाहिलेलं नाही. ते कुरकुरायला लागले.

"चूक माझी होती, काका. 'टू द मेमरी ऑफ' हवं होतं."

"आठवणीच्या नावाने कशाला पेला उचलायचा? मी पोराच्या नावाने उचलला." त्यांनी एक घड कापला, उजेडात धरला, सडके मणी काढले. "तुमची चूक नाही. आपल्याकडे गेलेल्याचं नाव घेतलं नाही तर घरच्यांना लागतं. त्यांच्याकडे घेतलं तर लागत असेल. मला काय माहीत? तेकले म्हणाली, कुणी बोलत नाही. मला वाटलं, बिचाऱ्यांना तमादाच मिळाला नसेल."

घड टोपलीत टाकून ते पुढच्या वेलीकडे सरकले.

"त्या बाईला रडवायचं नव्हतं मला," ते म्हणाले. "इराकलीच्या डाव्या हाताला बसवणार आहेत मला. बसेन. पोरीचं लग्न आहे. फक्त तो पाचव्याला काय म्हणणार ते विचारलं नूनूने. तर म्हणाला, पाचवं आजकाल गाळतात."

का ते माहीत नाही, बहुधा ऊन लागलं असावं, पण मी म्हटलं, "झाझा."

"काय?"

"माझ्याकडचा. नवरा. सहा वर्षं झाली."

काकांनी कात्री थांबवली. "काय करायचा?"

"शाळेत भूगोल. घरी माझ्या स्वयंपाकात ढवळाढवळ. प्रत्येक रश्शात कोथिंबीर. प्रत्येक रश्शात! मी ओरडायचे."

"झाझा," काका म्हणाले, एवढंच, चव बघितल्यासारखं. मग हातातला घड माझ्या टोपलीत ठेवला. "अजून दोन ओळी आहेत, बाई. गुडघे जमतील का?"

जमले.

२६ सप्टेंबर

इशबेलबाईंचं उत्तर आलं. तेकलेने पाठवलं, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो. मी चष्मा पुसून चारदा वाचलं, कारण पहिल्या तीन वेळा विश्वास बसेना.

लिहितात: तुमचं पत्र वाचताना मी दुसऱ्या पानावर मोठ्याने हसले. आमच्या घरात कुणी इतक्या मोठ्याने हसायला फार वर्षं झाली, त्यामुळे काय झालं ते बघायला मर्डो जिन्यावरून धावत आला. त्यालाही वाचून दाखवलं. तुमच्या विद्यार्थ्याची वाक्यं सगळी कळली, एकूण एक. मी उठले ती रागाने नाही. त्या आठवड्यात यूअनचा वाढदिवस होता. त्याचं नाव घेतलं तर मर्डो कोसळेल म्हणून मी घेत नव्हते, आणि मी कोसळेन म्हणून तो घेत नव्हता. आणि एक अनोळखी आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, तुमचा मुलगा. तुमचा मुलगा 'होता' असंही नाही. मी बागेत गेले. थोड्या वेळाने मर्डो आला. आम्ही बटाट्यांच्या वाफ्यात उभं राहून त्याच्याविषयी बोललो, आणि नंतरचे काही दिवस बोलतच होतो. म्हणून उत्तराला उशीर. लग्नात ते आजोबा पुन्हा म्हणतील का? तसंच. कृपया काही बदलू नका.

'टू द मेमरी ऑफ' अधिक औपचारिक आहे हे माझं मत कायम आहे. पण असो.

मिळेल त्या गाडीने गाव गाठलं. काका अंगणात नव्हते, वाइनच्या कोठीत होते; जमिनीत पुरलेल्या एका मोठ्या रांजणात कमरेपर्यंत वाकून ब्रशने घासत होते. वर फक्त पाय. मी वरूनच ओरडून पत्र वाचलं, एकेक वाक्य आपल्या भाषेत करत. रांजणातला ब्रश थांबला.

माझं वाचून संपलं.

"काका?"

आतून घुमणारा आवाज आला. "परत वाचा."

"सगळं?"

"बटाट्यांच्या वाफ्यापासून."

२७ सप्टेंबर

नूनूने पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, तेकलेला अर्थ विचारत विचारत. मग तिने ॲप्रनला हात पुसले, बाहेर जाऊन इराकलीला फोन केला, आणि आत येऊन सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मिशा तेवढ्या कातरून घ्या."

काका उदार झाले होते. "त्याला म्हणावं, ये की. माझ्या उजव्या हाताला बस. पेले भरायला माणूस लागतोच."

इराकली येणार नाही म्हणाला. तिबिलिसीत कुठेतरी एक निळा सूट रुसून बसला असेल.

१५ ऑक्टोबर

काल लग्न झालं. हात दुखतोय, पण आजच लिहायला हवं. उद्या मी त्यात शहाणपणा घालेन.

अंगणात दोनशे माणसं, अर्धी बोलतायत, अर्धी खातायत, नूनू दोन्ही करतेय. तेकले सुंदर दिसत होती, आणि फर्गसने आमचा उंच कॉलरचा काळा अंगरखा, चोखा, घातला होता, त्यात तो घाबरलेल्या बगळ्यासारखा दिसत होता. काका मेजाच्या टोकाला. पहिले चार पेले आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत. एका ठिकाणी 'फॉर' चुकला. मी सोडून कुणाला कळलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही, यातच सगळं आलं.

पाचव्याला सगळे उभे राहिले. काकांनी केतोचं नाव घेतलं. मग या वर्षी गावातून गेलेल्या तिघांची. मग झाझाचं. मला एकाएकी मीठदाणी कुठे दिसेना, मी ती शोधत राहिले. ती समोरच होती.

मग ते मेजाच्या दुसऱ्या बाजूला वळले. "वी ड्रिंक टू यूअन." आणि पेला इशबेलच्या दिशेने करून म्हणाले, "अलावेर्दी."

म्हणजे पेला आता तुमच्याकडे. तमादाने असा पेला सोपवला की त्या माणसाने बोलायचं, आणि तो बोलेपर्यंत कुणी पीत नाही. तेकलेने तिला आधी सांगून ठेवलं होतं. इशबेल उभी राहिली. ओठ उघडले, मिटले.

काही नाही.

दोनशे माणसं हातात पेले घेऊन उभी. एका बाकावर एक बाळ रडायला लागलं आणि गप्प झालं. माझी जीभ शिवशिवत होती. सत्तावीस वर्षांची सवय, विद्यार्थी अडला की पहिला शब्द पुरवायचा. नूनू पलीकडून मला खुणा करत होती, काहीतरी करा. इराकली असता तर त्याने माइकवरून एक विनोद सांगून ती फट बुजवली असती. काकांनी काही केलं नाही. ते वाट बघत होते. वर धरलेला पेला जरा कलला, वाइन मनगटावरून बाहीत उतरली, तरी पेला खाली आला नाही.

"त्याला गाता यायचं नाही," इशबेल म्हणाली. "अजिबात. आणि दिवसभर गायचा."

बस. एवढंच बोलली. तेकलेने ते आपल्या भाषेत सांगितलं, आणि मेजाच्या खालच्या टोकाच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने खालचा सूर लावला, दुसऱ्याने वरचा, तिसरा मधून आला. हळू, घसा खाकरत. ते छान गातात असं मी म्हणणार नाही. माणसं गाणं संपेपर्यंत उभी होती, आणि मग सगळी प्यायली.

पिण्याआधी आमच्याकडे गेलेल्यांसाठी पावाच्या तुकड्यावर वाइनचे दोन थेंब सोडतात. मर्डोने शेजारच्याचं पाहिलं. शेजारी वानो होता, काकांचा चुलतभाऊ, ज्याला इंग्रजीचा गंध नाही. मर्डोने आपल्या ताटातला पाव पुढे ओढला आणि त्यावर पेला तिरका केला. दोन थेंब पडले, तरी त्याने हात सरळ केला नाही. सगळा पेला ओतला. पाव लाल झाला, ताट भरलं, वाइन नूनूच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरत गेली. नूनू बघत होती.

वानोने शांतपणे तो भिजलेला पाव उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा मर्डोच्या हातात दिला. अर्धा स्वतः खाल्ला. मर्डो तो कपाटाएवढा माणूस, दोन्ही हातांत तो गळका तुकडा धरून उभा, खावा की काय करावं ते कळत नव्हतं. इशबेलने हात पुढे केला आणि त्याच्या तुकड्यातला थोडा मोडून घेतला.